सावल्यांची पेटी : एका चित्रमालिकेची हकीकत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी व्याख्यानाला उभे राहणाऱ्याने पूर्वसूरींचे स्मरण करावे, मंडळाच्या वाटचालीचा आढावा घ्यावा आणि नव्या पिढीला चार हिताच्या गोष्टी ऐकवाव्यात, असा आपल्याकडे प्रघात आहे. आम्ही तो थोडासा मोडणार आहोत आणि त्याबद्दल प्रारंभीच आपली क्षमा मागतो. आम्हांला सांगावयाची आहे ती एका अद्याप न विकल्या गेलेल्या मालाची हकीकत. गेली तीन वर्षे या मंडळातील आम्ही चौघेजण लहान मुलांसाठी एक सचेतन चित्रमालिका, म्हणजे आपली मुले जिला ‘कार्टून सिरियल’ म्हणतात ती, सिद्ध करून चित्रनिर्मिती करणाऱ्या संस्थांचे उंबरठे झिजवीत आहोत. यश आले असते तर आम्ही कदाचित सत्काराला उभे राहिलो असतो. ते आलेले नाही म्हणूनच व्याख्यानाला उभे आहोत.

चौघांपैकी एक सेवानिवृत्त यंत्र-अभियंता, दुसऱ्या मंडळाचा रविवारचा मराठी वर्ग चालविणाऱ्या बाई, तिसरे व्यवसायाने हिशेबतपासनीस, आणि चौथा वयाने सर्वांत लहान परंतु या कामात सर्वांचा गुरू असा आमचा चित्रकार. या भाषणात ‘आम्ही’ म्हणू ते या चौघांच्या वतीने, असे समजावे.

बीज पडले ते रविवारच्या वर्गात. सात वर्षांच्या एका मुलाने विचारले, “बाई, टीव्हीतली मुलं आपल्या घरातल्यासारखं का बोलत नाहीत?” बाईंनी त्याला काहीतरी उत्तर देऊन गप्प केले खरे, परंतु तो प्रश्न त्या घरी घेऊन गेल्या आणि पुढच्या रविवारी आम्हां सर्वांच्या पुढ्यात आणून ठेवला. परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाला असा प्रश्न नवा नाही. तथापि त्याचे उत्तर तक्रार करून नव्हे, काहीतरी घडवून द्यावे, असे त्या दिवशी आमच्या मनाने घेतले. ज्या शहरात परदेशी संस्थांच्या चित्रपटांचे नि मालिकांचे काम करणारे इतके कुशल हात आहेत, त्या शहरात आपल्या मुलांच्या ओळखीची एक गोष्ट का हलू-बोलू नये, असा आमचा भाबडा हिशेब होता.

पहिली कल्पना सुचली ती कोणाही मराठी माणसाला सुचेल तीच. बंगलोर ही शहाजीराजांची जहागीर, बालशिवाजींचे काही दिवस येथे गेलेले, तेव्हा त्यांच्यावरच मालिका करावी. चित्रकाराने आम्हांला शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “काका, हे सगळं खरं आहे. पण ज्यांच्यासमोर हे मांडायचं, त्यांच्याकडे अशी प्रकरणं आधीच पडून असतील. तुमच्याखेरीज दुसऱ्या कोणाला सुचणार नाही असं काय आहे आपल्याकडे?” त्या प्रश्नाने आमची दोन महिने झोप उडविली. आज मागे वळून पाहता, संपूर्ण उद्योगातील सर्वांत मौल्यवान वाक्य तेच होते असे वाटते.

उत्तर सापडले ते उत्तर कर्नाटकात. कोप्पळकडच्या एका गावी एका स्नेह्याच्या घरच्या कार्याला गेलो असता रात्री ‘तोगलु गोंबेयाट’ म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ पाहावयास मिळाला. चामडे खरवडून अर्धपारदर्शक करावयाचे, त्यावर आकृती कोरून रंग भरावयाचे आणि मागे दिवा ठेवून पांढऱ्या पडद्यावर रामायण-महाभारत उभे करावयाचे, असा तो खेळ. खेळ अर्थातच कानडीत होता. परंतु खेळ संपल्यावर पडद्यामागची मंडळी बाहुल्या गुंडाळीत आपापसांत बोलू लागली, तेव्हा आम्ही चमकलो. ती बोली मराठीच्या घरातली होती!

मागाहून कळले की यात नवल असे काहीच नाही. शिळ्ळेक्यात किंवा किळ्ळेक्यात या नावाने ओळखला जाणारा हा समाज कर्नाटकात पिढ्यान्‌पिढ्या छायाखेळ करीत आला आहे आणि त्याची घरातली भाषा मराठीची एक बोली आहे, हे अभ्यासकांनी नोंदवून ठेवलेले आहे. २०२५ साली कोप्पळ जिल्ह्यातील वयोवृद्ध कलावती भीमव्वा दोड्डबाळप्पा शिळ्ळेक्यातर यांना पद्मश्री जाहीर झाली, ती याच कलेसाठी. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने चित्रकथी आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ असाच जतन केला, आणि तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली तोच सन्मान लाभला. एकापुढे एक चित्र धरून कथा सांगणारा चित्रकथी आणि एकापुढे एक चित्र पळवून कथा सांगणारा आजचा सचेतनपट यांच्यातील अंतर आपण समजतो तेवढे नाही. १९२६ साली जर्मनीत लॉट्टे रायनिगर या विदुषीने कात्रीने कापलेल्या काळ्या आकृत्यांतून राजपुत्र अखमदच्या साहसांचा संपूर्ण चित्रपट केला. आज उपलब्ध असलेल्या पूर्ण लांबीच्या सचेतनपटांत तो सर्वांत जुना गणला जातो, आणि तोही छायाखेळच होता.

आम्हांला ज्या गोष्टीने जिंकले ती मात्र कलेच्या इतिहासाहून साधी होती. ही माणसे शेकडो मैल नि कित्येक पिढ्या दूर येऊनही घरातली बोली घरात ठेवून होती आणि शेजाऱ्याला त्याच्याच भाषेत रामायण ऐकवीत होती. आपण पन्नास वर्षे मंडळ चालवून जे साधू पाहतो, ते त्यांनी मंडळावाचून साधले होते.

तेथून ‘सावल्यांची पेटी’ ही मालिका आकारास आली. दहा वर्षांची एक मुलगी आपल्या आजीबरोबर बेंगळुरूला राहावयास येते. आजीजवळ सव्वीस बाहुल्यांची एक जुनी पेटी आहे. पहिल्याच रात्री मॅजेस्टिकच्या बसस्थानकावर ती पेटी उघडी पडते आणि सव्वीस सावल्या शहरभर पांगतात. प्रत्येक भागात एक सावली शोधावयाची. कधी बसवनगुडीच्या कडलेकाई परिषेत, भुईमुगाच्या शेंगांच्या ढिगाऱ्यांमध्ये, कधी के. आर. मार्केटच्या फुलबाजारात पहाटे. कधी लालबागेच्या काचघरात. नियम एकच : सावली दिसते ती उजेड असेतोवर. दिवा मालवला की शोध थांबला. घरात आजी-नात आपल्या बोलीत बोलतात. बाहेर ज्या वाहिनीची जी भाषा असेल ती.

आता या व्यवसायात शिरू पाहणाऱ्या आपल्या मुलांसाठी तयारीचा तपशील सांगितला पाहिजे, कारण तो आम्हांला कोणी सांगितला नव्हता. संस्थेपुढे मांडावयाच्या बाडाला या धंद्यात ‘बायबल’ म्हणतात. बाईंना तो शब्द रुचेना, म्हणून आम्ही त्याला पोथी म्हणू लागलो. पोथीच्या पहिल्या पानावर मालिकेचे सार एका वाक्यात यावे लागते. हे एक वाक्य लिहावयास आम्हांला सात आठवडे लागले. जे एका वाक्यात सांगता येत नाही ते आपल्यालाच नीट उमगलेले नसते, ही शिकवण त्यातून मिळाली. त्यानंतर पात्रांची ओळख : प्रत्येकाला काय हवे आहे, कशाची भीती वाटते, तो चिडला की काय करतो. मग प्रत्येक पात्राची समोरून, बाजूने, तिरकी आणि पाठमोरी चित्रे एकाच पानावर, शेजारी उंचीची तुलना. ही नसतील तर दहा चित्रकारांच्या हातून दहा निराळ्या मुली उतरतील. मग मालिका घडते त्या जगाचे नियम, सव्वीस भागांची प्रत्येकी चार-पाच वाक्यांत रूपरेषा, एका भागाची संपूर्ण संहिता, आणि अखेरीस खर्चाचा नि वेळेचा अंदाज.

अंदाजाचे काम आमच्या हिशेबतपासनीसांकडे होते, आणि त्यांनी पहिल्याच बैठकीत आमचे पाय जमिनीवर आणले. लहान मुलांच्या मालिकेचा भाग बहुधा अकरा मिनिटांचा असतो, कारण असे दोन भाग जोडले की जाहिरातींसह अर्ध्या तासाचा कार्यक्रम होतो. अकरा मिनिटे म्हणजे ६६० सेकंद. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर १५,८४० चौकटी. एक चित्र दोन चौकटींपर्यंत टिकविण्याची जुनी काटकसर केली तरी ७,९२० चित्रे. सव्वीस भागांना गुणा. दोन लाखांवर आकडा जातो. शिवाय संवाद आधी ध्वनिमुद्रित करावे लागतात आणि ओठांच्या हालचाली त्यांवर बसवाव्या लागतात. नाटकासारखे तालमीत बदलून चालत नाही. येथे आमचा छायाखेळ उपयोगी पडला. चामड्याच्या बाहुलीचे खांदे, कोपर, गुडघे सांध्यांवर फिरतात. ती प्रत्येक वेळी नव्याने काढावी लागत नाही. संगणकावर हेच तंत्र वापरता येते आणि खर्चात मोठी बचत होते. पडद्यामागच्या वृद्ध कलावंतांनी शतकांपूर्वी शोधलेला उपाय आमच्या अंदाजपत्रकातील मुख्य रकाना ठरला.

पोथी घेऊन आम्ही प्रथम याच शहरातील एका संस्थेत गेलो. वीस मिनिटे मिळाली. त्यांतील सतरा आम्ही प्रस्तावनेत घालविली. समोरच्या तरुण अधिकाऱ्याने सभ्यपणे विचारले, “ही मालिका कोणत्या वयासाठी आहे?” आम्ही उत्साहाने म्हणालो, “सर्वांसाठी!” त्याने वही मिटली. सर्वांसाठी म्हणजे कोणासाठीच नव्हे, हे आम्हांला जिना उतरताना उमगले. चार वर्षांचे मूल आणि दहा वर्षांचे मूल एकाच गोष्टीला हसत नाहीत. त्यांची वेळ निराळी, वाहिनी निराळी, जाहिरातदारही निराळा.

दुसऱ्या संस्थेत सहा ते दहा हे वय सांगितले, सात मिनिटांत विषय मांडला, आणि सव्वीसच भाग का, या प्रश्नाला पेटीत सव्वीस बाहुल्या आहेत म्हणून, असे उत्तर दिले. ते पसंत पडले. तथापि त्यांचे म्हणणे असे की मुलीला एखादी दैवी शक्ती द्यावी आणि आजीला दुसऱ्या-तिसऱ्या भागानंतर गावी पाठवावे. मुलांना म्हातारी माणसे आवडत नाहीत. या वाक्यावर बाई जे बोलल्या ते स्मरणिकेत छापण्याजोगे नाही. सांगावयाचा मुद्दा इतकाच की सूचना ऐकून घ्यावी, लगेच मान हलवू नये आणि लगेच भांडूही नये. शक्तीची सूचना आम्ही घरी आणून तपासली आणि तिच्यातूनच ‘उजेड असेतोवर’ हा नियम अधिक ठाशीव केला. आजीची सूचना परत पाठविली.

एव्हाना दीड वर्ष लोटले होते. पोथी जाड होत होती आणि काम पुढे सरकत नव्हते. अशा एका खिन्न संध्याकाळी आमच्या अभियंत्यांना दादासाहेब फाळक्यांची आठवण झाली. १९१२ साली फाळके इंग्लंडहून कॅमेरा घेऊन परतले तेव्हा त्यांना भांडवल हवे होते आणि चित्रपट म्हणजे काय हे भांडवलदारांना सांगून समजणारे नव्हते. फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि रोज थोडेथोडे चित्रण करीत महिनाभराहून अधिक काळ त्या रोपाची वाढ टिपली. पडद्यावर ती मिनिटाभरात दिसे. कोंब फुटतो, वर येतो, वेल होतो. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखला जाणारा तो चिमुकला चित्रपट पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी कर्जाऊ रक्कम देऊ केली. सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, त्याच्या मुळाशी तो वाटाणा होता. पुढे याच फाळक्यांनी आगकाड्या एकेका चौकटीने सरकवून त्यांची मौज पडद्यावर दाखविली. म्हणजे सचेतनपटाचाही आपला पहिला पुरुष तोच! त्यानंतर १९३० च्या दशकात पुण्याच्या ‘प्रभात’मध्ये रघुनाथ केळकरांनी ‘जंबू काका’ केला; १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनचा व्यंगपट विभाग मुंबईत निघाला, तेव्हा डिस्नेकडील क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली तयार झालेल्या पहिल्या तुकडीत गो. के. गोखले होते, १९७४ साली विजया मुळे यांच्या ‘एक अनेक और एकता’ने साऱ्या देशातील मुलांना चिमण्यांच्या गोष्टीतून एकी शिकविली, आणि २००५ साली व्ही. जी. सामंतांचा ‘हनुमान’ चित्रपटगृहांत चालला. ही परंपरा आपल्या घरातली आहे, आणि आपणच ती विसरलो आहोत.

असो. फाळक्यांचा धडा स्पष्ट होता : सांगू नका, दाखवा. आम्ही नव्वद सेकंदांचा नमुना करावयाचे ठरविले. चौघांनी पदरचे पैसे घातले. सर्व मिळून पावणेतीन लाख रुपये झाले. इतिहास असे सांगतो की १६८७ च्या सुमारास हे अवघे बंगलोर तीन लाख रुपयांच्या सौद्यात म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेले. तेव्हा आमची नव्वद सेकंदे जवळजवळ एका शहराच्या किमतीला पडली, असे आमचे हिशेबतपासनीस अजूनही ऐकवितात.

नमुन्यासाठी आम्ही पुन्हा कोप्पळकडे गेलो आणि त्या कुटुंबाकडून आठ दिवस बाहुल्यांच्या हालचाली शिकून घेतल्या. निघताना घरातल्या वृद्ध आजींनी आपल्या बोलीत एवढेच विचारले की तुमच्या चित्रात नाव कोणाचे येणार. आम्ही ओशाळलो. पोथीच्या मुखपृष्ठावर चार नावे होती, पाचवे नव्हते. त्याच रात्री तिथल्याच ओट्यावर बसून आम्ही लिहून दिले की या कामातून जे काही मिळेल त्याचे चार नव्हे, पाच समान वाटे होतील, आणि श्रेयनामावलीत त्या कुटुंबाचे नाव प्रथम येईल.

बंधुभगिनींनो, खरी परीक्षा याच कागदाने घेतली.

नमुना पाहून तिसऱ्या एका संस्थेने मालिका घेण्याची तयारी दर्शविली. देऊ केलेली रक्कम आमच्या अपेक्षेहून पुष्कळ मोठी होती. अट अशी की पात्रे, कथा, नाव, पुढील सर्व भाग, पुस्तके आणि खेळणी यांचे सारे हक्क कायमचे त्यांचे. श्रेयनामावलीचा निर्णयही त्यांचा. पाचव्या वाट्याचा विषय काढताच उत्तर मिळाले की परंपरा ही सर्वांची असते. कायदा तिच्यासाठी काही मागत नाही.

कायद्याच्या दृष्टीने ते चूक नव्हते. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा कल्पनेला संरक्षण देत नाही, तिच्या विशिष्ट आविष्काराला देतो. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद या नाटककारांच्या खटल्यात हेच स्पष्ट केले. ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट आपल्या ‘हम हिंदुस्तानी’ नाटकावरून उचलला, असे त्यांचे म्हणणे होते. विषय एक असला तरी मांडणी निराळी आहे, असे सांगून न्यायालयाने दावा फेटाळला. म्हणूनच आमचा आग्रहाचा सल्ला असा की तोंडी कल्पना सांगत फिरू नये. संहिता आणि चित्रे कागदावर उतरवून त्यांची रीतसर नोंदणी करावी आणि मगच दार ठोठवावे. हक्क देताना करार लेखी हवा, त्यात कोणते हक्क, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशासाठी हे लिहिलेले हवे. याच कायद्याप्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता मानला जातो. परंतु ‘कायमचे’ आणि ‘सर्व जगासाठी’ असे लिहून खाली सही केली, की मग ते तसेच.

सही करण्याची घाई कशी भोवते याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण खुद्द वॉल्ट डिस्ने यांचे आहे. १९२७ साली त्यांनी ‘ऑस्वल्ड’ नावाचा एक ससा लोकप्रिय केला. त्याचे हक्क युनिव्हर्सल कंपनीकडे होते. १९२८ साली मोबदला वाढवून मागावयास गेलेल्या डिस्नेंच्या हातून ससाही गेला आणि बरेचसे चित्रकारही गेले. त्यानंतर त्यांनी जो उंदीर घडविला त्याची मालकी मात्र स्वतःपाशी ठेवली, आणि पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. ऑस्वल्ड डिस्ने कंपनीकडे परत आला तो २००६ साली, अठ्ठ्याहत्तर वर्षांनी. आपल्याकडे हैदराबादच्या राजीव चिलकांनी २००८ साली ‘छोटा भीम’ वाहिनीवर आणला. त्याच भीमाचे बाळरूप २०१९ साली एकही संवाद न बोलता जगभर पाहिले गेले. पात्र स्वतःचे असले की त्याला असे नवे जन्म घेता येतात.

हे सारे बोलावयास सोपे आहे. आमच्या चौघांत मात्र त्या रात्री कठोर वाद झाला, आणि तो लपविणे बरे नव्हे. आम्हां तिघांची पोटे या मालिकेवर अवलंबून नव्हती. चित्रकाराचे तसे नव्हते. या शहरात परदेशी कामावर उभ्या असलेल्या चित्रसंस्थांचे दिवस चांगले नाहीत. २०२५ च्या फेब्रुवारीत टेक्निकलर या जागतिक समूहाचा डोलारा कोसळला, तेव्हा बेंगळुरूतील कितीतरी कलावंत एका रात्रीत बेकार झाले. आमच्या चित्रकाराकडेही त्या सुमारास काम नव्हते. घरी लहान मूल होते, घराचे हप्ते होते. तो म्हणाला, “काका, तत्त्वं तुमची आणि हप्ते माझे, असं नको व्हायला.” यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. बाई बराच वेळ गप्प राहून म्हणाल्या, “मग निर्णय तूच कर बाळा. आम्ही तिघं तू म्हणशील तिथे सही करू.”

तो दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो आठ दिवसांच्या त्या मुक्कामातील आपली रेखाटनवही घेऊन. तिच्या पहिल्या पानावर आजींच्या हातांची रेखाटने होती. “हे हात माझे नाहीत,” तो म्हणाला, “मी ते कायमचे विकू शकत नाही. मुदतीने भाड्याने देऊ.” आम्ही संस्थेला उलट प्रस्ताव पाठविला : अठरा महिन्यांपुरता हक्क राखून ठेवा, रक्कम कितीही कमी द्या, मालिका न निघाल्यास हक्क परत, आणि पाच नावे. त्यांनी नम्रपणे नकार दिला. चित्रकाराने दुसऱ्या एका ठिकाणी नोकरी धरली. तिथे तो दिवसभर परक्यांची चित्रे हलवितो आणि रात्री आमच्यासाठी बसतो. आमचा निर्णय योग्य होता असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. त्याची किंमत आमच्यापेक्षा त्याच्या घराने अधिक मोजली, एवढे मात्र आम्ही सदैव ध्यानी ठेवू.

हकीकत येथेच संपली असती. परंतु गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या पडद्यावर ती नव्वद सेकंदे दाखविण्याची संधी कार्यकारिणीने दिली. कोप्पळहून ते कुटुंबही आले होते. आजी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. पेटी उघडते, सावल्या पळतात, मुलगी बसस्थानकावरच्या शेवटच्या दिव्याखाली उभी राहते, दिवा मालवतो. आणि नमुना संपतो. क्षणभर सभागृह शांत होते. मग एका लहान मुलाचा आवाज आला, “आमेले?”

आपणां सर्वांना ठाऊकच आहे, कानडीत ‘आमेले’ म्हणजे ‘मग पुढे?’. हा मुलगा मराठी घरातला, आमच्याच वर्गातला; प्रश्न मात्र त्याला शेजारच्या भाषेत सुचला. आजी हसल्या आणि त्याला आपल्या बोलीत काहीतरी म्हणाल्या. त्याला ते कळले, कारण तो उठून त्यांच्याजवळ जाऊन बसला.

कोणत्याही मालिकेची कसोटी हा एकच प्रश्न असतो, आणि आमच्या पोथीतील शेकडो पानांना जे मिळाले नव्हते ते प्रशस्तिपत्र आम्हांला त्या दिवशी मिळाले. तेव्हापासून आम्ही दुसरी नव्वद सेकंदे करावयास घेतली आहेत. कर्नाटक सरकारने २०१२ साली या व्यवसायासाठी स्वतंत्र धोरण आखले आणि त्याची ताजी आवृत्ती २०२४ ते २०२९ या काळासाठी आहे. त्या वाटेनेही प्रयत्न करून पाहणार आहोत. चौथे दारही ठोठावणार आहोत.

मंडळापाशी आमची मागणी पैशाची नाही. रविवारच्या वर्गातील ज्या मुलांना चित्रे काढता येतात, ज्या आजी-आजोबांना आपापल्या गावची बोली अजून मोकळेपणी बोलता येते, त्यांनी एक-एक तास आम्हांला द्यावा. आवाज हवे आहेत, हात हवे आहेत. आणि ज्यांची मुले याच धंद्यात दुसऱ्यांची पात्रे हलवीत आहेत, त्यांनी घरी जाऊन मुलांना एकदा विचारावे की तुझ्या स्वतःच्या पेटीत काय आहे.